हैदोस, कजाग, मवाली : दांडगाईचे शब्द आले कुठून?

गावात माकडे शिरली की बातमीचा मथळा ठरलेला असतो : 'माकडांचा हैदोस'. बिबट्या आला की धुमाकूळ, पाऊस जास्त झाला की थैमान, सभेत खुर्च्या उडाल्या की राडा. हे शब्द आपण आज जवळपास एकाच अर्थाने वापरतो. कुणीतरी ताळतंत्र सोडले आहे, एवढेच त्यातून सांगायचे असते. पण हे शब्द निघाले तेव्हा त्यांचा अर्थ असा नव्हता. कुणी मिरवणुकीतून आला, कुणी फौजेतून, कुणी गोठ्यातून, तर एक थेट वैदिक काळातून. त्यांची मुळे पाहिली की साध्या, कधी पवित्रसुद्धा असलेल्या शब्दाचे असे का होते, हेही उलगडत जाते.

सुरुवात हैदोसपासून करतो, कारण या सगळ्यांत तोच मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो.

जुन्या मराठीत तो 'हायदोस' असाही येतो आणि त्याचे पूर्ण रूप आहे 'हैदोसधुल्ला'. हे लांब रूप आता क्वचितच कानावर पडते, पण मूळ त्यातच दिसते. 'हाय दोस्त! दुल्हा!' अशी ती आरोळी. मोहरमच्या मिरवणुकीत ऊर बडवत दिलेली ही हाक आहे. इसवी सन ६८० मध्ये, म्हणजे हिजरी ६१ च्या मोहरम महिन्यात दहाव्या दिवशी, इराकमधल्या करबला इथे पैगंबरांचे नातू हुसेन आणि त्यांचे मोजके साथीदार मारले गेले. त्यांत हुसेन यांचा कोवळ्या वयाचा पुतण्या कासिमही होता. परंपरा सांगते की करबलाच्या मैदानातच त्याचे लग्न लागले होते, म्हणून तो 'दुल्हा', नवरदेव. त्याच्या आठवणीत आपल्याकडे मोहरमच्या सातव्या दिवशी मेंदीची मिरवणूक निघते. अंगाची मेंदी उतरायच्या आत मारल्या गेलेल्या पोरासाठी केलेला तो आक्रोश आहे.

दख्खनमध्ये मोहरम मुसलमानांपुरता कधीच नव्हता. ताबूत, पंजे, नालसाहेबाची म्हणजे घोड्याच्या नालाच्या आकाराच्या निशाणाची सवारी, अंगाला पट्टे रंगवून वाघ झालेली पोरे, हे सगळे गावगाड्यात मुरलेले होते. हिंदू घरांतून पिराला नवस बोलले जात आणि फेडलेही जात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंचच उंच ताबूत आजही दोन्ही समाज मिळून उचलतात. नालसाहेबाची सवारी ज्याच्या हाती असे तो अंगात आल्यासारखा धावत सुटायचा आणि त्याच्यामागे सगळा जमाव 'दुल्हा, दुल्हा' करत पळायचा. ताशे कडाडत, मशालींचा धूर, पायाखालची धूळ. जो त्या जमावात होता त्याला आपण काय म्हणतो आहोत हे ठाऊक होते. जो माडीवरून बघत होता त्याला फक्त धावणारी, ओरडणारी माणसे दिसली. त्याच्या तोंडी आरोळीचा 'हैदोसधुल्ला' झाला आणि त्याचा अर्थ झाला बेफाम दंगामस्ती.

पुढे १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. त्यानंतर पुण्यासारख्या शहरांत हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवली आणि सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला. मोहरमशी असलेली रोजची ओळख शहरांतून सुटत गेली. आरोळी कशाची होती ते विसरले, शब्द तेवढा राहिला.

याच मिरवणुकीतल्या दुसऱ्या एका हाकेचे इंग्रज सोल्जरांनीही असेच केले. 'या हसन! या हुसेन!' हे त्यांना 'हॉब्सन-जॉब्सन' असे ऐकू आले. हॉब्सन आणि जॉब्सन ही त्यांच्याकडची अगदी साधी आडनावे. देशी सणातल्या कुठल्याही गलक्याला ते हेच नाव देऊ लागले. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा कोश १८८६ साली छापला तेव्हा त्याला नावही 'हॉब्सन-जॉब्सन' असेच दिले. म्हणजे सातासमुद्रापलीकडून आलेला शिपाई आणि शेजारच्या आळीत राहणारा मराठी माणूस, दोघांनी एका शोकाचे सारखेच करून टाकले. शिपायाला निदान भाषा कळत नव्हती. मराठी माणसाला दोस्तही कळत होता आणि दुल्हाही.

भाषाशास्त्रात या प्रकाराला अर्थापकर्ष म्हणतात, म्हणजे शब्दाच्या अर्थाची घसरण. ती हळूहळू होते. आधी शब्द एका नेमक्या गोष्टीचे नाव असतो. मग ती गोष्ट लांबून जशी दिसते, तेवढाच अर्थ त्याला चिकटतो. मग तसे दिसणाऱ्या कशालाही तो शब्द लावला जातो आणि शेवटी मूळ गोष्ट गळून पडते. हैदोसच्या बाबतीत आरोळीपासून निघून आपण माकडांपर्यंत पोहोचलो ते असेच. उलटा प्रवासही होतो, त्याला अर्थोत्कर्ष म्हणतात. त्याचे एक सुंदर मराठी उदाहरण पुढे येईल.

दांडगाईच्या शब्दांत घसरण जास्त का, याचे उत्तर सोपे आहे. ओरडणारा माणूस स्वतःच्या ओरडण्याला गोंगाट म्हणत नाही. तो भजन करत असतो, शोक करत असतो, पोट भरत असतो, न्याय मागत असतो. त्याला नाव ठेवतो तो बाहेरचा. त्यामुळे असा प्रत्येक शब्द दांडगाई करणाऱ्याबद्दल थोडे सांगतो आणि नाव ठेवणाऱ्याबद्दल पुष्कळ : तो कुठे उभा होता, कोणाला भीत होता, कोणाला कमी लेखत होता.

सणासुदीचे शब्द आणखीही आहेत. गोंधळ हा देवीचा कुलाचार. घरात लग्न झाले की गोंधळी बोलावायचे, चौक मांडायचा, दिवटी पेटवायची. संबळ आणि तुणतुणे लागले की गोंधळी एकेका ठिकाणाचे नाव घेऊन देवाला आवतण देतो, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, सगळ्यांनी गोंधळाला यावे म्हणून. मग आख्यान रंगते आणि रात्र सरते. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त जे 'गौंडली' नृत्य आहे, तिथपर्यंत अभ्यासक गोंधळाचा माग नेतात. आज 'सभागृहात गोंधळ' म्हटले की डोळ्यांपुढे फाटलेले कागद येतात. पण हैदोसचे झाले ते गोंधळाचे झाले नाही. ज्या घरात काल देवीचा गोंधळ घातला त्याच घरातली आई आज पोरांना 'गोंधळ घालू नका रे' म्हणते. क्रियापदसुद्धा तेच, आणि कोणाला त्यात काही खटकत नाही. मूळ विधी डोळ्यांसमोर आहे म्हणून मूळ अर्थ जिवंत आहे.

शिमग्याचेही तसेच. हेमचंद्र या जैन पंडिताने बाराव्या शतकात आपल्या 'देशीनाममाले'त फाल्गुनातल्या उत्सवासाठी 'सुगिम्हअ' असा प्राकृत शब्द नोंदवला आहे. तो संस्कृतातल्या 'सुग्रीष्मक'चा, आणि त्यावरूनच आपला शिमगा. होळीभोवती तोंडावर पालथा हात मारत बोंब ठोकायची, एरवी तोंडातून काढता येणार नाहीत ते शब्द त्या दिवशी सगळ्यांदेखत उच्चारायचे, थोरामोठ्यांनी ते ऐकून घ्यायचे, ही वर्षातून एकदा मिळणारी मोकळीक होती. वर्षभर गिळलेले बाहेर काढायची ती गावाने ठरवून दिलेली जागा होती असे मला वाटते, आणि म्हणून 'कोणाच्या नावाने शिमगा करणे' हा वाक्प्रचार मला फार नेमका वाटतो. त्यात नुसती ओरड नाही, साठलेली तक्रार आहे. 'शिमगा गेला तरी कवित्व उरते' ही म्हणही तेच सांगते.

थैमान, थयथयाट आणि तांडव हे तिन्ही नाचातले. पहिल्या दोहोंत 'थै'चा बोल ऐकू येतो, तिसरा शंकराचा. 'तमाशा करू नकोस' मधला तमाशा अरबी-फारसीतला. 'चालणे' या अर्थाच्या अरबी धातूवरून तो आला, म्हणजे मुळात मौजेने फिरायला जाणे, मग मौजेने बघणे, मग बघण्यासारखा खेळ. ढोलकी-फडाच्या तमाशाला सभ्य म्हणवणाऱ्यांनी नाक मुरडले, आणि चारचौघांत आवाज चढवण्याला तमाशा म्हणायची सवय पक्की झाली.

आता फौजेकडे वळू. दांडगाईच्या शब्दांचा सर्वांत मोठा साठा अठराव्या शतकाने दिला आहे, आणि त्यातला सर्वांत लपलेला शब्द म्हणजे गर्दी. लोकलमध्ये, देवळात, बाजारात आपण रोज म्हणतो ती गर्दी. जुन्या बखरींत आणि पत्रांत ती माणसांची दाटी नसते. तिथे गर्दी म्हणजे उलथापालथ, लूटमार, नासधूस. फारसीत 'गर्द' म्हणजे धूळ आणि 'गर्दीदन' म्हणजे फिरणे, उलटणे. 'गर्दीस मिळवणे' हा जुना वाक्प्रचार होता, मातीला मिळवणे या अर्थाचा. अठराव्या शतकात दिल्लीवर एकामागून एक संकटे कोसळली आणि दिल्लीकरांनी प्रत्येकाला याच शब्दाने नाव दिले. १७३९ मध्ये नादिरशहाने कत्तल केली ती नादिरगर्दी. १७५३ मध्ये सुरजमल जाटाच्या लोकांनी लुटले ती जाटगर्दी. अब्दालीची शाहगर्दी. आणि मराठ्यांची भाऊगर्दी, सदाशिवरावभाऊंच्या नावाची.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊसाहेब पडले. त्या दिवशी काय झाले हे महाराष्ट्रात घराघराला माहीत होते, कारण घराघरातले कुणी ना कुणी परत आले नव्हते. 'भाऊगर्दी' हा शब्द मराठीत त्या सगळ्या संहाराचे नाव झाला. आज निवडणूक आली की वर्तमानपत्र लिहिते, 'इच्छुकांची भाऊगर्दी'. वाचणाऱ्याला वाटते, पुष्कळ भाऊ जमले असतील. 'गुंडगर्दी' आणि 'आवारागर्दी' या हिंदीवाटे आलेल्या शब्दांत मात्र जुन्या अर्थाची धग अजून आहे.

उलट्या प्रवासाचे उदाहरण इथलेच. पेशवाईतल्या पत्रांत 'मुलुखात धामधूम' म्हणजे फौजांची धावपळ, लढाईची धास्ती, रयतेची पळापळ. धामधूम आहे म्हणून पेरणी राहिली, धामधुमीमुळे वसूल आला नाही, अशी ती धामधूम. आता ती कुठे आहे? लग्नघरात. मांडव, वाजंत्री, पाहुणे, जेवणावळी. ज्या शब्दाने लोक घर सोडून पळत होते त्याच शब्दाने आता पाहुणे घरी येतात. रणधुमाळीही लढाईतून निघून प्रचारसभांत रुळली.

मोगलाईचे दोन अर्थ बराच काळ शेजारी शेजारी नांदले. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. बेगमीचे गवत आणि दाणा बेतशीर वापरला नाहीत तर तुमचे लोक कुणब्यांच्या घरात शिरतील, आणि मग मोगल आले त्यापेक्षाही तुम्ही जाच करता असे रयत म्हणेल, असा त्यात इशारा आहे. शिपायांच्या दांडगाईचे माप 'मोगल' हेच तेव्हा होते. 'इथे काय मोगलाई लागून गेलीय?' हा आपला वाक्प्रचार त्याच मापाचा. पण नगर-सोलापूरकडच्या सीमेवरच्या गावांत मोगलाई हे नुसते प्रदेशाचे नाव होते. सीमेपलीकडचा निजामाचा मुलूख म्हणजे मोगलाई. 'पोरगी मोगलाईत दिली' यात कुठलीही शिवी नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो मुलूख नकाशावरून गेला आणि अंदाधुंदीचा अर्थ तेवढा शिल्लक राहिला.

माणसांना लावायच्या विशेषणांत मला सर्वांत थक्क करणारा शब्द कजाग वाटतो. कजाग सासू, कजाग बायको. भांडखोर बाईखेरीज तो आता कोणाला लावलेला ऐकू येत नाही. मुळात तो तुर्की, 'कझाक'. मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत कुठल्याही राजाचा हुकूम न मानता घोड्यावर हिंडणारा, लूट करून जगणारा स्वार म्हणजे कझाक. त्याच शब्दावरून रशियातले कोसॅक आले आणि कझाकस्तान या देशाचे नावही आले. फारसीवाटे तो हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचा अर्थ होता लुटारू घोडेस्वार. मोगलांचे फारसी इतिहासकार मराठ्यांच्या गनिमी लढाईलाच 'कज्जाकी' म्हणत. ज्या शब्दाने मराठ्यांच्या स्वारांना हिणवले तो मराठ्यांनी उचलला आणि आपल्या घरातल्या बाईला लावला. नवरा मोठ्याने बोलला तर तो तापट, बाई बोलली तर कजाग. हा शब्द मला वापरवत नाही. पण त्याचा इतिहास सांगावासा वाटतो, कारण आवाज चढवणाऱ्या बाईत मराठीने थेट फौज पाहिली होती, हे त्यात लिहून ठेवलेले आहे.

मवाली अरबी आहे. 'मौला'चे अनेकवचन मवाली. मौला, मौलाना, मौलवी हे सगळे त्याचे सख्खे. मौला या शब्दाची गंमत अशी की तो धन्यालाही लागतो आणि धन्याच्या आश्रयाला असलेल्यालाही. उमय्या खलिफांच्या काळात, म्हणजे ६६१ ते ७५० या वर्षांत, जे अरब नव्हते पण मुसलमान झाले होते त्यांना कुठल्यातरी अरब टोळीच्या आश्रयाला राहावे लागे. ते मवाली. धर्म एक, पण मान दुय्यम. ७५० मध्ये उमय्या घराणे उलथवण्यात याच लोकांचा मोठा हात होता. फारसी-उर्दूत आल्यावर 'अहाली-मवाली' म्हणजे बड्या माणसाभोवतीचा लवाजमा झाला. लवाजम्यातल्या माणसाला ठरलेले काम नसते. धन्याचे वैभव असेतो तो वाड्याच्या देवडीवर बसून खातो, धनी बुडाला की रस्त्यावर येतो. मराठीत हा शब्द पोचेपर्यंत त्याला भांग-गांजाचा वास लागला होता, आणि पुढे मुंबईच्या रस्त्यांवर त्याच्या हातात चाकू आला.

इथे थोडे थांबून सांगायला हवे की मुळे शोधताना उच्चार जुळला एवढ्याने भागत नाही. दोन शब्द सारखे वाजतात म्हणून नाते जोडण्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि फॉरवर्ड होऊन येणाऱ्या शब्दकथांत तीच फार असते. शब्द जुन्या लिखाणात सापडतो का, सुरुवातीचा आणि आताचा अर्थ जोडणारे मधले अर्थ सापडतात का, त्या दोन भाषांचा खरोखर संबंध आला होता का, हे पाहावे लागते. मराठीचे भाग्य असे की मोल्सवर्थ या इंग्रजाच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची आहे. मोल्सवर्थ आणि त्याचे सहकारी गावोगावचे बोलणे टिपत होते, त्यामुळे मधले अर्थ हाती लागतात. फारसी शब्दांसाठी माधव जूलियन, म्हणजे मा. त्रिं. पटवर्धन, यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश आहे. आपल्या शंकेचा शब्द या दोन ठिकाणी काढून पाहिला तरी बरेच धुके विरते.

सतराव्या शतकातल्या दांडगटांची यादीच हवी असेल तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात जावे. दांडगटाला आवरायला तसाच दांडगट समोर उभा करावा, असा रामदासांचा रोखठोक सल्ला तिथे आहे. त्यासाठी ते हुंबा, टोणपा, लौंद, धट, उद्धट, खटनट असे शब्द एका दमात वापरतात. यातला उद्धट आपल्या शाळेच्या प्रगतिपुस्तकापर्यंत आला, धटाचा धटिंगण झाला, टोणपा काही ठिकाणी अजून ऐकू येतो. लौंद मात्र गेला. त्याचे नाते फारसी 'लवंद'शी सांगतात, मोकाट हिंडणारा, कोणाचे न ऐकणारा माणूस. तुर्कस्तानात हाच शब्द 'लेवेंद' असा भाडोत्री शिपायांना आणि आरमारातल्या लोकांना लावत. पगार थांबला की हेच लेवेंद अनातोलियात गावे लुटत फिरत. इस्तंबूलमध्ये त्यांच्या बराकी जिथे होत्या तो भाग आज 'लेवेंत' या नावाने उंच इमारतींसाठी ओळखला जातो. पुंड-पाळेगारांतला पाळेगारही दक्षिणेतला असाच लष्करी माणूस, छावणीचा, म्हणजे पाळेयमचा धनी. सरकारला कर दिला तर सरदार, न दिला तर पुंड.

आणि व्रात्य. 'किती व्रात्य कार्टं आहे' असे म्हणणाऱ्या आजीला कल्पना नसते की ती अथर्ववेदातला शब्द वापरते आहे. त्या वेदाचे पंधरावे कांड सगळेच्या सगळे व्रात्याच्या स्तुतीचे आहे. 'व्रात' म्हणजे टोळी, गट. वैदिक कर्मकांडाच्या चौकटीबाहेर, टोळ्यांनी हिंडणारे हे लोक होते. त्यांना चौकटीत घेण्यासाठी व्रात्यस्तोम नावाचा विधी होता आणि पंचविंश ब्राह्मण या वैदिक ग्रंथात त्यांचा थाट तपशिलाने वर्णिला आहे. डोक्याला मुंडासे, हातात पराणी, बाण नसलेले धनुष्य, फळ्या टाकलेला गाडा, काळ्या काठाचे वस्त्र, गळ्यात चांदीचा निष्क, म्हणजे दागिना. वर्णन करणारा नाक मुरडतो आहे आणि तरीही त्याची नजर हटत नाही, असे ते वाचताना वाटते. पुढे मनुस्मृतीत व्रात्याचा अर्थ कोरडा झाला. ठरावीक वयापर्यंत, ब्राह्मण असेल तर सोळा वर्षांपर्यंत, ज्याची मुंज झाली नाही तो व्रात्य. म्हणजे संस्कार न झालेला. तिथून 'वळण नसलेला' आणि मग खोडकर पोर. अडीच हजारांहून अधिक वर्षे हा शब्द वापरात आहे आणि शेवटी तो एका लाडक्या नातवावर येऊन थांबला. घसरणीचा असा शेवट मला फार आवडतो.

पोरांचे बाकीचे शब्द बहुतेक गोठ्यातले. उनाड, मोकाट, ओढाळ, नाठाळ हे आधी गुरांना लागतात. ओढाळ म्हणजे कळप सोडून दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरणारे ढोर. त्याच्या गळ्यात लोढणे अडकवत. हातभर लांबीचा जड ओंडका दोरीने असा बांधायचा की तो पुढच्या दोन पायांमध्ये लोंबला पाहिजे. जनावर सावकाश चरत राहिले तर काही त्रास नाही. पळायला लागले की ओंडका दर पावलाला गुडघ्यांवर आदळतो. 'गळ्यात लोढणे' म्हणताना आपण ओझ्याचा विचार करतो, पण खरी युक्ती त्या आदळण्यात आहे. त्यानेही भागले नाही तर कोंडवाडा. १८७१ च्या कायद्याने गावोगावी सरकारी कोंडवाडे आले आणि दंड भरल्याशिवाय जनावर सुटेना. दांडगा, आडदांड, दंडेली यांत दांडा ऐकू येतो. एकाच्या हातात काठी आणि दुसरा मोकाट, असे हे शब्द एकमेकांना चिकटलेले आहेत. शेतकऱ्याच्या जगात दांडगाई म्हणजे कुंपण न मानणे, मग ते कोणीही असो.

शहराने ही शब्दसंपदा बदलली. मुंबईतल्या मोहरमच्या मिरवणुकीत मोहल्ल्यामोहल्ल्याच्या टोळ्या निघत, एकमेकींना आव्हान देत, प्रसंगी भिडत. एस. एम. एडवर्ड्‌स हे १९०९ ते १९१६ पोलीस कमिशनर होते. त्यांनी १९१२ मध्ये नवे नियम लावून तो प्रकार बंद पाडला. टोळी हा शब्द पोलिसांच्या कागदांत गेला तो गेलाच. गिरणगावात तालमीतला वस्ताद, चाळीतल्या भांडणात पडणारा, संपात पोरे गोळा करणारा, उधारी वसूल करून देणारा माणूस म्हणजे दादा. मोठ्या भावाचेच नाव. लोक त्याला भीत आणि त्याच्याकडे जातही. त्यात फारसी 'गिरी' जोडून दादागिरी झाली आणि ती देशभर पसरली. कलकत्त्यात १९२३ साली गुंडांविरुद्ध कायदा झाला तेव्हा 'गुंडा' हा देशी शब्द इंग्रजी कायद्याच्या नावातच बसला. ठगाचे त्याआधीच झाले होते. आपल्याकडे ठग अजूनही गोड बोलून फसवणारा आहे, 'ठकास महाठक' मधला. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याच्या मोहिमेनंतर इंग्रजीत गेलेला ठग मात्र नुसता मारकुटा झाला.

पोलिसांच्या भाषेतला तडीपार मला विशेष आवडतो. तड किंवा तडी म्हणजे काठ, किनारा. काम 'तडीस नेणे' म्हणजे सुखरूप काठाला लावणे. त्याच काठाच्या पलीकडे घालवणे म्हणजे तडीपार. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातल्या हद्दपारीच्या कलमांना लोकांनी हा शब्द दिला आणि तो आता सरकारी प्रेस नोटमध्येही दिसतो.

राहता राहिला राडा. सांगली-साताऱ्याकडे पाऊस लागून राहिला की अंगणाचा 'नुसता राडा' होतो. पायांनी तुडवून तुडवून झालेला चिखल म्हणजे राडा. महापालिकेच्या नोटिशीत 'राडारोडा उचलावा' असते तो राडाही हाच, पाडकामाचा ढिगारा. भांडणानंतर जमिनीची आणि सामानाची जी अवस्था होते, तिचे नाव मुंबईत भांडणालाच मिळाले. गेल्या काही वर्षांत कॉलेजची पोरे तो कौतुकानेही वापरू लागली आहेत. एखाद्या मुलीने स्नेहसंमेलनात लावणी गाजवली की पोरे म्हणतात, 'काय राडा केला यार!' धामधुमीने जी वाट धरली त्या वाटेला राडा आत्ता लागला आहे.